वाट्याची म्हैस

“मग ही म्हैस कुणाची?”

शरयूनं तिसऱ्यांदा विचारलं.

सोनाक्का चौगुले गोठ्यात उकिडवी बसून घमेल्यातली भिजलेली पेंड कालवत होती. तिनं मान वर केली नाही.

“सांगितलं की मगाशी.”

“मगाशी तुम्ही म्हणालात, माझी एकही म्हैस नाही.”

“व्हय. न्हाई.”

“आणि ही?”

सोनाक्कानं मागं वळून पाहिलं. दावणीला काळीभोर म्हैस उभी होती. शेपटाचा गोंडा तेवढा पांढरा, म्हणून तिचं नाव चवरी.

“ही व्हय? ही तिची ती.”

शरयूनं पेन दातांत धरलं. अकरा आठवडे ती या आंबेखिंडीत राहत होती आणि अकरा आठवडे गाव तिला असंच खेळवत होतं. बोलायला सगळे गोड. या, बसा, चहा टाकू का... आणि मुद्द्यावर आलं की ताकाला तूर लागू देतील तर शपथ.

गावातली माणसं कशावर जगतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. पिकतं काय, जनावरं किती, दूध किती, वैरण कुठून येते. त्यासाठी एकशे चाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली तिनं स्वतः तयार केली होती आणि तिचा तिला फार अभिमान होता. शेतीचं प्रकरण लिहून झालं होतं. घोडं अडलं होतं ते म्हशींपाशी.

दारोदार फिरून तिनं म्हशी मोजल्या, त्या भरल्या एकसष्ट. आणि गावच्या दूध संस्थेत रोज जेवढं दूध जमत होतं, ते नव्वदपेक्षा कमी म्हशींतून निघणं शक्य नव्हतं. दुधात पाणी असतं तर संस्थेच्या यंत्रानं पकडलं असतं. म्हणजे तीसेक म्हशी गावात होत्या आणि कुणाच्याच नव्हत्या.

कुठंतरी पाणी मुरत होतं खास.

चार दिवसांनी तिला परत जायचं होतं. हे प्रकरण असंच लोंबकळत राहिलं तर वर्ष फुकट जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तिनं एक वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं. ‘या गावातील लोक जनावरांविषयी जाणूनबुजून खोटी माहिती देतात.’ वाक्याखाली रेघही मारली होती. आता पुरावा तेवढा हवा होता, आणि पुरावा समोर शेपूट हलवत उभा होता.

खरं सांगायचं तर गावालाही तिचा संशय होताच. ही कोण, हिला कुणी धाडलं, हिला आमच्या म्हशींशी काय करायचंय? मागं एकदा कुणी साहेब येऊन बांधावरची झाडं मोजून गेला होता, आणि पुढच्या साली झाडं राहिली नव्हती. तेव्हापासून मोजणारा माणूस दिसला की गाव हसून चहा टाकायचं आणि गप्प बसायचं.

शरयूला सोनाक्काकडे धाडलं होतं तिच्या वझे सरांनी. सर तरुणपणी याच गावात वर्षभर राहिलेले. ‘मी जे काय शिकलो ते सोनाक्काच्या गोठ्यात,’ असं ते भर वर्गात सांगत. निघताना म्हणाले होते, ‘तिच्यापुढं प्रश्नावली काढू नकोस.’ म्हातारपणी माणूस हळवा होतो, असं शरयूनं मनात म्हटलं होतं, आणि आल्या आल्या प्रश्नावलीच काढली होती.

“बरं, असं विचारते,” ती म्हणाली. “हिला वैरण कोण घालतं?”

“मी.”

“धारा कोण काढतं?”

“मी.”

“शेण कोण काढतं?”

“आता दुसरं कोण येणाराय?”

“मग म्हैस तुमचीच झाली की!”

सोनाक्काचा हात थांबला. तिनं पहिल्यांदा शरयूकडे नीट पाहिलं.

“पोरी, तू मला एकच गोष्ट चारदा इचारलीस. चारीदा येगळं त्वांड करून.”

शरयूचे कान तापले. एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा आणि उत्तरं ताडून बघायची, ही तिची पद्धत. आजवर कुणी ओळखली नव्हती.

“तू कुणाची गं?” सोनाक्कानं विचारलं.

“मी? पटवर्धनांची.”

“म्हंजे बापाची.”

“हो... म्हणजे विद्यापीठाची. त्यांनी पाठवलंय मला.”

“आन राहतीस कुठं?”

“पुण्याची मी.”

“एकल्या पोरीला तीन धनी,” सोनाक्का पेंडीत पुन्हा हात घालत म्हणाली, “आन म्हशीला मातुर एकच पायजे व्हय तुला?”

...

शरयूनं पान उलटलं. असल्या बोलण्याला भुलायला ती काही वझे सर नव्हती.

“प्रश्न सत्त्याऐंशी. वासरं, रेडकं किती?”

“एक हुतं. मेलं. आज सा दिस झालं.”

शरयूनं चौकटीत शून्य लिहिलं.

“प्रश्न अठ्ठ्याऐंशी. दिवसाला वैरण किती लागते?”

सोनाक्का उत्तर देणार एवढ्यात दारातून हौसाबाई डोकावली, शरयूची घरमालकीण. डोक्यावर गवताचा भारा. तो तिनं भिंतीशी टाकला आणि पदरानं तोंड पुसत सरळ आत येऊन बसली.

“आक्का, रेडकू गेलं म्हणं? मी म्हायेरात हुते. आज कळलं. कसं झालं गं?”

आणि मग दोघी बोलत बसल्या. रेडकू कसं दिसायचं, कान कसे होते, उड्या कशा मारायचं. शरयूनं घड्याळ पाहिलं, वही मिटली, पुन्हा उघडली. हौसाबाईनं मधेच डोळे टिपले. एका रेडकापायी अर्धा तास! शरयूला वाटलं, हे सुद्धा आपल्याला टाळायला चाललंय. ठरवून एकीनं यायचं, रडायचं, प्रश्न बुडवायचा.

संशयाचं असंच असतं. एकदा घरात शिरला की तो आधी बसायला पाट मागतो.

हौसाबाई गेली. सोनाक्का उठली, कोपऱ्यातल्या आडव्या वाशावरून काहीतरी खाली काढलं आणि चवरीपुढं आणून ठेवलं.

शरयू दोन पावलं मागं सरली.

रेडकूच होतं ते. खरं कातडं, खरे कान. पोटात मात्र पेंढा भरलेला, आणि खाली टाके घातलेले. पाय म्हणून चार काटक्या. सोनाक्कानं त्याच्या पाठीवर मीठ भुरभुरलं.

चवरीनं वास घेतला. मग जीभ काढून ती त्या पेंढ्याच्या पाठीला चाटायला लागली, हळूहळू, शेपटीपासून मानेपर्यंत. सोनाक्का चरवी घेऊन खाली बसली. म्हशीनं पान्हा सोडला. दुधाच्या धारा चरवीत वाजू लागल्या.



“हे... हे फसवणं झालं, आक्का.”

“कुणाला?”

“हिला. मुक्या जनावराला.”

“असं वाटतं व्हय तुला?”

“मग दुसरं काय?”

सोनाक्का धार काढत राहिली.  म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून ती डोळे मिटून बसली होती.

शरयूनं वहीच्या समासात लिहिलं, ‘जी बाई स्वतःच्या म्हशीला फसवते, ती मला काय सोडणार?’ आणि मग ‘स्वतःच्या’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

दुपारी ती दूध संस्थेत गेली. तिथला माणूस सहज बोलून गेला. चवरीचं दूध? सकाळचं सोनाक्काच्या नावावर पडतं, संध्याकाळचं तानूबाईच्या. पहिल्यापासूनच तसं आहे. एवढं बोलला आणि जीभ चावून कॅन धुवायला लागला.

एका म्हशीचं दूध, आणि नावं दोन! शरयूच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, नाचायलाच लागली.

तानूबाई मगदूमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. नवरा नाही, मुलगी सासरी, एकटा जीव. गोठा झाडून लख्ख, पण खुंटा रिकामा.

“तानूबाई, तुमच्या म्हशी किती?”

“माझ्या? बघ की आत. दिसतीया का एक तरी?”

“मग चवरी कुणाची?”

तानूबाईनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली.

“ती तिची ती.”

शब्दाला शब्द तोच! म्हणजे दोघींनी मिळून ठरवलंय. शरयूला आता राग आला. राग आणि हुशारी एकत्र आली की माणूस जे करतो, तेच तिनं केलं. खुंटा हलवून बघायचं ठरवलं. खोटं वाक्य पुढं टाकायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. एवढं एक खोटं चालतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

“असं कसं?” ती सहज स्वरात म्हणाली. “सोनाक्का तर सकाळी म्हणाल्या, चवरी माझी एकटीची.”

तानूबाईचा चेहरा पाहण्यासाठी ती थांबली.

चेहरा काही बोलला नाही. नुसता उतरत गेला.

“आक्का म्हटली?”

“हो.”

“माझी म्हटली?... त्वांडानं म्हटली?”

“हो.”

तानूबाई उठली. आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

शरयूला वाटलं, सापडलं! तिनं तिथंच उभ्या उभ्या लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली ती हौसाबाईच्या आवाजानं. शरयू तिच्याच घरी माडीवर राहत होती. हौसाबाई अंगणात कुणाला तरी सांगत होती. काल दिवेलागणीला तानूबाई आली, एक शब्द न बोलता चवरीचं दावं सोडलं आणि घेऊन गेली. आक्कानं अडवलंसुद्धा नाही. उलट वाशावरचं पेंढ्याचं रेडकू काढलं आणि तिच्या हातात दिलं. ‘हे बी ने,’ एवढंच म्हटली.

आणि चवरीनं काल संध्याकाळी थेंब दिला नाही. आज सकाळी पण नाही. पेंढ्याचं रेडकू समोर ठेवलं, मीठ टाकलं, तर शिंगानं उडवून दिलं तिनं. कास तापलीय. आणखी एक वेळ अशी गेली तर सडं जातील. मग म्हैस कशाची आणि दूध कशाचं, दोन्ही घरांच्या चुली त्याच दुधावर.

शरयू जिन्यातच उभी राहिली.

तिच्या एकशे चाळीस प्रश्नांत याला जागा नव्हती. हे आपण केलं, एवढं मात्र तिला कळलं. क्षणभर मनात येऊन गेलं, गप्प राहावं. तीन दिवसांनी जायचंच आहे. इथं कोण कुणाला काय म्हणालं, ते पुण्यात कोण विचारतंय?

मग तिनं चप्पल घातली.

सोनाक्का रिकाम्या गोठ्यात बसली होती. समोर कालवलेली पेंड तशीच होती. खायला कुणी नसताना कालवली होती.

“आक्का,” शरयू दारातूनच म्हणाली, “मी खोटं बोलले.”

“बस.”

“तानूबाईंना मी सांगितलं की तुम्ही म्हणालात, म्हैस माझी एकटीची. तुम्ही तसं म्हणाला नव्हता. मला फक्त... त्यांचा चेहरा बघायचा होता.”

“बघितलास?”



सोनाक्कानं घमेलं बाजूला सारलं.

“चवरीची आय तानूनं घेतली हुती. रेडकू असताना. सांभाळायला तिच्याकडं माणूस न्हवतं, घ्यायला माझ्याकडं ऐपत न्हवती. मग वाट्यानं ठेवली. दावं तिचं, दावण माझी. सकाळ माझी, सांज तिची. एका येताचं रेडकू तिचं, दुसऱ्या येताचं माझं. सोळा वर्सं झाली. गावात अशी लई जनावरं हाईत वाट्याची.”

“मग हे सांगायचं ना मला! माझ्या प्रश्नावलीत...”

“तू इचारलंस, तुमच्या किती. वाट्याचं जनावर कुणी माझं म्हणत न्हाई. ज्यानं माझं म्हटलं, त्यानं वाटा मोडला. ही रीत हाय. तानू बी तेच म्हटली असणार, मी बी तेच म्हटलं. त्यात लपवायचं काय?”

तीस म्हशी. शरयूच्या डोळ्यांसमोर एकेक दार येऊन गेलं. माझ्या गोठ्यात आहे का बघा. माझी नाही बाई ती. तिची ती. कुणीही खोटं बोललं नव्हतं. साऱ्या गावात अकरा आठवड्यांत खोटं बोललेलं माणूस एकच, आणि ते वही घेऊन फिरत होतं.

तिला रडू आलं. रडणं तिला आवडत नसे, तरी आलं.

“मी तानूबाईंना जाऊन सांगते. तुम्ही चला बरोबर. त्या माझं ऐकणार नाहीत.”

सोनाक्का उठली. पदर खोचला, चरवी घेतली आणि चालू लागली.  दारादारांतून माणसं बघत होती. शरयूनं मान खाली घातली होती.

तानूबाईच्या गोठ्यात चवरी पाय आपटत होती. कास टरटरून फुगलेली. तानूबाई भिंतीला टेकून बसली होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. सोनाक्का उंबऱ्याबाहेरच थांबली.

शरयू आत गेली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

तानूबाईनं ऐकून घेतलं.

“काल खोटं बोललीस म्हणतीस.”

“हो.”

“मग आज खरं बोलतीस, हे कशावरनं?”

 हाच प्रश्न ती अकरा आठवडे साऱ्या गावाला मनातल्या मनात विचारत होती. याचं उत्तर काय द्यायचं असतं, हे तिनं कधी ठरवलंच नव्हतं.

“आक्कानं पढवून आणलं असंल तुला. म्हैस गेली म्हणून.”

शरयूनं वळून सोनाक्काकडे पाहिलं. आक्का, बोला ना काहीतरी. सोनाक्का बाहेर उभीच. 

म्हशीनं पुन्हा पाय आपटला. तानूबाईचं लक्ष तिकडं गेलं, मग उंबऱ्याकडं गेलं. आणि तिचा आवाज एकदम फुटला.

“काल मी दावं सोडत हुते, तवा का न्हाई बोललीस गं? सोळा वर्सांच्या वाट्याचं जनावर नेतीया, आन तू नुसती बघत ऱ्हायलीस! एकदा तरी म्हणायचंस, तानू, नगं नेऊस...”



“नगं नेऊस म्हणायचं, तर माझी म्हणावं लागलं असतं.”

...

तानूबाईनं पदर तोंडाला लावला.

 मग तानूबाई जागची सरकली. म्हशीच्या या बाजूला बसली आणि त्या बाजूची जमीन हातानं झाडली. सोनाक्का उंबरा ओलांडून आत आली.

पेंढ्याचं रेडकू कोपऱ्यात उपडं पडलं होतं. एक काटकी मोडलेली. सोनाक्कानं ते उचललं, त्याच्यावरची धूळ झटकली आणि शरयूच्या पुढं केलं.

“धर.”

“मी?”

“त्येला आता पाय न्हाई. कुणीतरी धराय पायजे.”

काल जिला बघून मागं सरली होती ती वस्तू शरयूनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली. कातडं खरखरीत होतं. कानांजवळ मात्र अजून मऊ होतं. ती चवरीच्या तोंडासमोर गुडघ्यांवर बसली. एवढ्या जवळून तिनं म्हैस पाहिली नव्हती. 

चवरीनं नाक पुढं केलं. वास घेतला. आधी शरयूच्या मनगटांचा, मग कातड्याचा. डोळे मोठे करून ती बघत राहिली. शरयूला ती नजर सहन होईना, पण हातात रेडकू होतं, आणि ते सोडून कुठं जाता येत नव्हतं.

मग जीभ आली. खरखरीत, गरम. पेंढ्याच्या पाठीवरून फिरली, शरयूच्या बोटांवरून फिरली, पुन्हा पाठीवर गेली.

एकीकडून सोनाक्का, दुसरीकडून तानूबाई. दोघींनी दोन दोन सडं धरली. आधी काहीच नाही. सोनाक्कानं पोटाला कपाळ टेकवलं. तिकडून तानूबाईनं टेकवलं.

चरवीत पहिली धार वाजली.

तानूबाई हुंदका देऊन हसली. शरयूचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

धार काढून झाली. तानूबाई चहा ठेवायला आत गेली. जाताना शरयूकडे न बघताच म्हणाली, “साखर किती घालू?” त्यात माफी होती की नुसता चहा, ते शरयूला समजलं नाही. संशय इतक्या लवकर थोडाच निघतो?

सोनाक्का चरवीवर फडकं बांधत होती.

“आक्का,” शरयूनं हळूच विचारलं, “हिला खरंच वाटतं का, की हे तिचं रेडकू आहे?”

“छ्या. तिच्या म्होरंच मेलं की. दोन दिस चाटत हुती मेलेल्याला.”

“म्हणजे तिला माहीत आहे!”

“पयल्या दिसापास्नं.”

“मग ती पान्हा का सोडते?”

सोनाक्कानं फडक्याची गाठ आवळली. 

शरयू तशीच बसून राहिली. मांडीवर पेंढ्याचं रेडकू, बाजूला वही. वहीतल्या त्या रेघ मारलेल्या वाक्याचं काय करायचं, ते तिला आता ठाऊक होतं. पण त्या जागी काय लिहायचं, ते ठाऊक नव्हतं. मोठ्या हट्टानं बांधलेली प्रश्नावली तिनं काढली आणि सोनाक्काच्या पायाशी ठेवली.

“आक्का, वझे सरांना तुम्ही शिकवलंत. मलाही शिकवा. हे एकशे चाळीस प्रश्न आहेत. यात काय चुकलं? काय विचारू, म्हणजे गाव माझ्याशी खरं बोलेल?”

सोनाक्कानं कागदांकडं पाहिलं नाही. खाली वाकून तिनं शरयूच्या मांडीवरचं रेडकू उचललं, त्याचा मुडपलेला कान बोटानं सरळ केला.

“दोन दिस म्हशीचंच इचारतीयास, पोरी,” ती म्हणाली. “ह्ये कशानं मेलं, ते इचारलंस?”